सिंटेनीला मराठीत काय म्हणायचं?

येऊरवाट: ठाण्यातल्या एका निसर्गमंडळासाठी भेकर या छोट्या हरणावर मराठी मजकूर लिहितेय आणि एका शब्दावर अडकलेय. भेकराच्या मादीत गुणसूत्रं फक्त ६, नरात ७, सस्तन प्राण्यांत माहीत असलेला हा सगळ्यात छोटा आकडा, आणि त्याच्या चिनी भावंडात मात्र ४६! भेकराच्या जनुकांचा मालमसाला फारसा हरवलेला नाही, जुनी गुणसूत्रं एकाला एक चिकटत गेली. दोन जातींची गुणसूत्रं समोरासमोर ठेवली की जनुकांचे तेच गट त्याच क्रमाने सापडतात, त्यावरून हे कळतं. त्या प्रकाराला सिंटेनी म्हणतात. मी 'सहसूत्रता' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'एकात्मता' केलं, जे अर्थाच्या जवळपासही नाही. काय लिहू?

पाचपाखाडीकर: सिंटेनीच लिहा की. जीनोम चालतो, डीएनए चालतो, मग हाच का नको? सहसूत्रता वाचून दहावीच्या पोराला काय कळणार.

कोपरीची मावशी: मला 'शेजार' आवडेल. आमची चाळ पाडून टॉवर झाला, पण आमच्या मजल्यावर तीच बिऱ्हाडं त्याच क्रमाने राहायला आली. इमारत बदलली, शेजार टिकला. 'जनुकांचा शेजार' म्हटलं की लगेच समजतं.

वाशीचे सर: शेजार हे चूक आहे ताई. मी जीवशास्त्र शिकवतो म्हणून सांगतो, हा शब्द १९७१ मध्ये रेनविक या शास्त्रज्ञाने काढला तेव्हा अर्थ एवढाच होता, एकाच फितीवर असलेले. गुणसूत्राच्या या टोकाचं जनुक आणि त्या टोकाचं जनुक, दोन्ही सिंटेनिक, मग मध्ये हजार जनुकं का असेनात. क्रम टिकण्याला कोलिनिअरिटी असा वेगळा शब्द आहे.

येऊरवाट: सर, पण आता सगळे शोधनिबंध क्रमासाठीच सिंटेनी वापरतात.

वाशीचे सर: सगळे वापरतात म्हणून बरोबर होत नाही.

कोपरीची मावशी: होतं की सर! 'शिक्षा' म्हणजे संस्कृतात शिकवण, हिंदीत आजही तेच. तुम्ही वर्गात शिक्षा म्हणता तेव्हा पोरांना काय ऐकू येतं? अर्थ बोलणारे ठरवतात.

घणसोलीकर: मुळात 'गुणसूत्र'च बदला. माझी शाळा गुजराती, तिथे रंगसूत्र. वाल्डायर या शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये क्रोमोसोम नाव दिलं ते ग्रीक क्रोमा म्हणजे रंग यावरून, कारण ती रंग छान शोषून घेतात. गुण कुठून आणला?

पाचपाखाडीकर: गुण म्हणजे दोरासुद्धा, संस्कृतात धनुष्याच्या दोरीला गुण म्हणतात. म्हणजे गुणसूत्र = दोरा-दोरा :)

वाशीचे सर: ओढूनताणून आहे हे. आईवडिलांचे गुण पुढे नेणारं सूत्र म्हणून गुणसूत्र, इतकं सरळ आहे.

कळवा तबेला: आजोबांच्या म्हशी होत्या म्हणून विचारतो, गाय ६०, शेळी पण ६० आणि आपली मुऱ्हा ५०, असं वाचलंय. मग म्हैस शेळीपेक्षा मागासलेली का?

येऊरवाट: नाही हो दादा, आकड्यावरून पुढारलेलं-मागासलेलं ठरत नाही. गाईतल्या दहा जोड्या म्हशीत दोन-दोन करून जुळल्या, त्यांच्या पाच झाल्या, म्हणून ३० जोड्यांच्या २५. आतली जनुकं बहुतांशी तीच. मेंढीत असे तीनच जोड झाले म्हणून ती ५४.

घणसोलीकर: या जुळण्याला पुस्तकात विलीनीकरण म्हणतात ना?

येऊरवाट: हो, आणि तोही शब्द मला खटकतो. विलीन झालं की खूण उरत नाही, साखर पाण्यात गेल्यासारखं. इथे तर खूण दिसते. चिंपांझीत ४८, आपल्यात ४६, कारण दोन जुनी गुणसूत्रं जुळून आपलं २ नंबरचं झालं. टोकाला असायला हवी ती टेलोमिअरची डीएनए-अक्षरं तिथे मध्येच, तोंडाला तोंड लावून सापडतात, आणि दुसरा गुणसूत्रबिंदू (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरून ओढलं जातं ती जागा) निकामी होऊन पडलेला आहे. मी 'सांधा' म्हणेन. सांधा दिसतो.

वाशीचे सर: सांधा मान्य. शेजार नाही.

पाचपाखाडीकर: भेकर हे भेकडवरून आलं का हो? आवाज आला की लगेच पळतं म्हणून?

कोपरीची मावशी: उलट, भेकणं म्हणजे मोठ्याने ओरडणं, त्यावरून असेल. येऊरच्या जंगलात संध्याकाळी ओरडतं तेव्हा नवख्याला कुत्राच वाटतो. पेपरवाले 'भुंकणारं हरिण' लिहितात ते बघून वाईट वाटतं, इतका छान मराठी शब्द असताना.

कळवा तबेला: आमचे काका भेकरच म्हणायचे, भेकड कधी ऐकलं नाही. पण ताई, नरात ७ कसे, जोड्या असतात ना?

येऊरवाट: नर-मादी ठरवणारी गुणसूत्रं म्हणजे एक्स आणि वाय. मादीत दोन्ही एक्स एकेका साध्या गुणसूत्राला जोडले गेलेत. नराकडे तसा जोडलेला एक्स एकच, म्हणून त्या साध्या गुणसूत्राची दुसरी प्रत सुटी राहते आणि शिवाय वाय वेगळा.

वाशीचे सर: हे मजकुरात जरूर घ्या. पण 'जोडलेला एक्स' नको, 'संयुक्त एक्स' लिहा.

कोपरीची मावशी: संयुक्त कशाला? जोडलेला काय वाईट आहे?