नर्सिंगच्या पदवीसाठी अर्ज: निवेदनात आणि मुलाखतीत नेमके काय पाहिले जाते?

वाटचाल:
नमस्कार. विद्यापीठाच्या नर्सिंग पदवी अभ्यासक्रमासाठी मी यंदा अर्ज करणार आहे. जागा मोजक्या आणि अर्ज कितीतरी पट अधिक, त्यामुळे पात्रतेच्या अटी पूर्ण केल्या म्हणजे प्रवेश मिळाला असे होत नाही, याची मला कल्पना आहे. जीवशास्त्रात माझे गुण चांगले आहेत, रसायनशास्त्रात मात्र जेमतेम आहेत. शिक्षण सांभाळून मी एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करते. आंघोळ घालणे, भरवणे, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलणे, असे त्या कामाचे स्वरूप आहे. वैयक्तिक निवेदनाचा माझा मसुदा ‘लहानपणापासून मला रुग्णसेवेची ओढ आहे’ या वाक्याने सुरू होतो आणि पुढे संयम, जिद्द, सहृदयता या गुणांविषयी लिहिले आहे. पण वाचून पाहिल्यावर ते कुणाही उमेदवाराचे वाटते. वृद्धाश्रमातील काम निवेदनात सांगण्याजोगे आहे का? रसायनशास्त्राचे काय करावे? शिवाय मुलाखत एकच नसून लहान लहान अनेक मुलाखती ओळीने होणार आहेत, त्यांची तयारी कशी करावी?

जुनी_सिस्टर:
तुमच्या अर्जात सर्वांत मोलाचे आहे ते वृद्धाश्रमातील काम, आणि मसुद्यातून नेमके तेच निसटले आहे. मी वॉर्डात काम केले, पुढे शिकवले आणि प्रवेशाचे अर्जही वाचले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

नर्सिंगच्या जागा सहजासहजी वाढवता येत नाहीत. वर्गात बाके वाढवता येतील, परंतु वॉर्डात एका शिक्षिकेला एका वेळी थोड्याच विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवता येते, कारण तिथे झालेल्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो. अर्धवट सोडून गेलेल्या विद्यार्थ्याची जागा मधूनच भरणेही सोपे नसते. त्यामुळे अर्ज वाचणाऱ्याला जाणून घ्यायचे असते ते हे, की या कामात काय काय करावे लागते याची उमेदवाराला खरी ओळख आहे का, आणि ती असूनही त्याला हेच करायचे आहे का. ‘मी सहृदय आहे’ या वाक्यातून यांपैकी काहीच कळत नाही.

तुम्ही कूस बदलण्याचा उल्लेख ओझरता केला आहे. तिथेच थांबून लिहा. कूस बदलताना एखाद्या आजींच्या माकडहाडाजवळ लाली दिसली, बोटाने दाबून सोडल्यावरही ती फिकी पडली नाही, तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब राहून त्वचेला होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते. वर्ण सावळा असेल तर लाली दिसतही नाही, तेव्हा आजूबाजूच्या त्वचेच्या तुलनेत तो भाग गरम, कडक किंवा मऊ लागतो का हे हाताने पाहावे लागते. असे काही तुम्ही पाहिले असेल, तर काय दिसले, कोणाला सांगितले, त्यानंतर काय बदलले आणि त्यातून कोणता प्रश्न तुमच्या मनात आला, एवढे चार-पाच वाक्यांत मांडा. जे घडले नाही ते मात्र लिहू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

याच विषयाला धरून थोडे वाचनही करता येईल. ब्रिटिश परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी रुग्णालयातील वृद्धांचा अभ्यास करून १९६२ मध्ये बेडसोअरचा धोका मोजण्याची श्रेणी मांडली. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडण्याफिरण्याची क्षमता, अंथरुणात हालचाल करण्याची क्षमता आणि मलमूत्रावरील नियंत्रण या पाच बाबींना त्यात गुण दिले जातात. रोज करतो त्या कामामागे संशोधन आहे हे ज्याला दिसते, तो उमेदवार पदवीचे शिक्षण कशासाठी घ्यायचे हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो.

लिहिताना त्या आजींचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील कुठेही देऊ नका. गोपनीयता पाळणे हा या व्यवसायाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे आणि वाचणारे तेही पाहतात.

तिसरे_सत्र:
मी सध्या हा अभ्यासक्रम शिकते आहे, म्हणून मुलाखतीपुरते लिहिते. ओळीने अनेक लहान मुलाखती घेण्याची ही पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय प्रवेशासाठी विकसित झाली, २००४ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि पुढे नर्सिंगसह इतर अभ्यासक्रमांनीही ती स्वीकारली. प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक आणि वेगळा प्रसंग असतो, त्यामुळे एक उत्तर फसले तरी पुढच्या ठिकाणी पाटी कोरी असते. मागच्या उत्तराचा विचार दाराबाहेरच सोडून आत जाणे, हे सरावानेच जमते.

समजा, प्रसंग असा दिला: एक रुग्ण तुम्हाला सांगतो की तो रात्रीच्या गोळ्या गिळत नाही, उशीखाली ठेवतो, आणि हे कोणाला सांगू नका अशी गळ घालतो. ‘मी वचन पाळीन’ आणि ‘मी लगेच तक्रार करीन’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. गोळ्या का नको वाटतात हे आधी विचारावे, ही गोष्ट मला स्वतःपुरती ठेवता येणार नाही असे त्यालाच स्पष्ट सांगावे, आणि मग प्रभारी परिचारिकेला कळवावे. विद्यार्थ्याने आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखणे इथे फार महत्त्वाचे ठरते. सगळे मीच निस्तरीन असे म्हणणाऱ्याची परीक्षकांना काळजी वाटते. पाठ केलेली उत्तरे टाळा आणि मोठ्याने, वेळ लावून, कोणाला तरी समोर बसवून सराव करा.

नोंदवही:
रसायनशास्त्राविषयी: विद्यापीठ त्या विषयाची परीक्षा पुन्हा देऊ देत असेल आणि नवे गुण ग्राह्य धरत असेल, तर जरूर द्या, नसेल तर निवेदनात त्याची सबब सांगत बसू नका. गणिताचा पाया मात्र पक्का करा. ५०० मिलिलिटर सलाइन ४ तासांत द्यायचे आहे आणि सलाइनच्या नळीतून २० थेंबांना १ मिलिलिटर पडते, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडायला हवेत; असे हिशेब पुढे रोजचे होतात आणि काही ठिकाणी निवड चाचणीतही विचारतात.

हिपॅटायटिस बीच्या लसीचे नेहमीचे वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने असे आहे. रुग्णालयात पाऊल ठेवण्यापूर्वी लसीकरणाचा दाखला मागितला जातो, तेव्हा घेतली नसेल तर निकालाची वाट पाहू नका.

वाटचाल:
सर्वांचे मनापासून आभार. वृद्धाश्रमातील एका आजोबांच्या टाचेपाशी अशी लाली मी पाहिली होती आणि तेथील सिस्टरना दाखवलीही होती, तेच लिहीन. शिफारसपत्र प्राचार्यांकडून घ्यावे की त्या सिस्टरकडून, एवढाच प्रश्न उरतो.

जुनी_सिस्टर:
विद्यापीठाने शिक्षकाचेच हवे अशी अट घातली नसेल, तर सिस्टरकडून घ्या. प्राचार्यांचे पद मोठे असले तरी त्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलेले नाही. सिस्टरना महिनाभर आधी विचारा, निवेदनाचा मसुदा वाचायला द्या आणि टाचेचा प्रसंग त्यांना आठवतो का तेही विचारून घ्या. त्यांच्या पत्रात तोच प्रसंग त्यांच्या बाजूने आला, तर तुमच्या निवेदनाला आपोआप साक्ष मिळेल.