मदत हवी आहे: खारट पाण्यात रक्तपेशी आक्रसलेल्या दिसत का नाहीत?

रत्नागिरीत जीएनएमच्या (नर्सिंग पदविकेच्या) पहिल्या वर्षासाठी परासरणाचं, म्हणजे पेशीच्या पडद्यातून पातळ द्रावणाकडून खारट द्रावणाकडे पाणी जाण्याचं, प्रात्यक्षिक बसवतेय. बकऱ्याचं रक्त तीन नळ्यांत घातलं: विहिरीचं पाणी, ०.९ टक्के मिठाचं पाणी आणि भाट्ये खाडीचं पाणी. पहिली नळी लाल पण आरपार झाली. बाकीच्या दोन सारख्याच गढूळ. सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पटीत नुसते ठिपके दिसतात. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

नळ्यांचं काही चुकलेलं नाही. पेशी फुटली की हिमोग्लोबिन पाण्यात उतरतं आणि नळीमागे धरलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता येतात. आक्रसलेली पेशी मात्र अखंडच असते, प्रकाश अडवतेच. म्हणजे नळीत फक्त फुटणं कळतं. आक्रसणं स्लाइडवरच बघायला हवं.

तिथे बकरा उपयोगाचा नाही. त्याची तांबडी पेशी जेमतेम ४ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), माणसाची ७ ते ८. स्लाइडसाठी कोंबडीचं रक्त घ्या: पेशी लांबट, साधारण १२ मायक्रॉन, आणि मधलं केंद्रकही दिसतं. एक थेंब खारट द्रावणात मिसळून लगेच कव्हरस्लिप ठेवा, काठ सुरकुतलेले दिसतील. उलट, नळीसाठी कोंबडी नको. पेशी फुटल्या तरी केंद्रकं उरतात, पाणी गढूळच राहतं आणि मुलींना वाटतं काही झालंच नाही.

खाडीचं पाणी सोडून द्या. खुल्या समुद्राचं साधारण ३.५ टक्के खारट असतं, पण पावसाळ्यात काजळी नदीचं पाणी मिसळून खाडीचा खारटपणा पार उतरतो. १०० मिलीला ३ ग्रॅम मीठ घालून स्वतःच द्रावण करा.

मूळ प्रश्नकर्ती

आभारी आहे. आणखी एक: ०.९ च्या नळीतही कधीकधी वरचं पाणी गुलाबी होतं. मीठ तर मोजून घेतलं होतं.

प्रतिसाद २

मोजलं, पण कोरडं होतं का? इकडे जूननंतर खडेमीठ पाणी धरतं. ९ ग्रॅम म्हणून घेतलेल्यात थोडं पाणीच असतं, द्रावण पातळ होतं. बकऱ्याच्या पेशी माणसाच्यापेक्षा नाजूक, त्या आधी फुटतात. मीठ तव्यावर कोरडं करून, निववून मगच वजन करा. १०० मिलीसाठी लागणाऱ्या ०.९ ग्रॅमचा घरगुती काट्यावर भरवसा नाही. ९ ग्रॅम घ्या आणि पाणी घालून एकूण १ लिटर करा. मेडिकलमधली एनएसची (नॉर्मल सलाइन, तयार ०.९ टक्के मिठाचं पाणी) बाटली सगळ्यात सोपी. डीएनएस मात्र आणू नका, त्यात ५ टक्के डेक्स्ट्रोजही (साखर) असतं.

हिशेबही फळ्यावर करून दाखवा, त्यावाचून ०.९ हा आकडा मुली नुसता पाठ करतात. लिटरमागे ९ ग्रॅम भागिले ५८.५ (एक मोल मिठाचं ग्रॅममधलं वजन; मोल हे कण मोजायचं एकक) म्हणजे ०.१५४ मोल. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटतात, म्हणून कण दुप्पट: सुमारे ३०८ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या एकूण कणांचे हजारांश मोल). रक्तद्रवाचे २९० च्या आसपास. जवळजवळ बरोबरी, म्हणून पेशी जशीच्या तशी राहते.

गुलाबी होण्याची बाकी कारणं रक्तातच असतात. दुकानात सांडलेलं, साकळलेलं रक्त नको. रक्त साकळू नये म्हणून बाटलीत आधीच ३.८ टक्के सोडियम सायट्रेट ठेवा (१ भागाला ९ भाग रक्त) आणि रक्त थेट त्यातच धरा. फ्रीजमध्ये चालेल, फ्रीझरमध्ये नाही. गोठलं की पेशी फुटतात. ५ मिली द्रावणात दोन थेंब घालून नळी हळूच उलटसुलट करा. जोरात हलवून फेस आला की समजा पेशी फुटायला लागल्या. पाच मिनिटांनी बघा.

हातमोजे घालाच, आणि नळ्या ओतून देण्याआधी १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये (जंतुनाशक ब्लीचमध्ये) अर्धा तास बुडवा.