मदत हवी आहे: बिडीचं विचारलं का लोकाईले वाटते पेन्शन कटते

चुलबंद_काठ:
नमस्कार मंडळी, भंडारा जिल्ह्यातून लिहून राहिलो. गावात एका लहान संस्थेचं मदत केंद्र आहे, तीन वर्षांपासून मी तिथं बसतो. काम म्हणजे निराधार, श्रावणबाळचे फॉर्म, हयातीचा दाखला, आधार बँकेला लिंक झालं का ते पाहणं, कोणाची दवाखान्याची चिठ्ठी वाचून देणं. मंगळवारी बाजार असते, त्या दिवशी ओट्यावर वीस-पंचवीस बुढे-बुढ्या बसून राहतात आन् बुढ्यांमधल्या निम्म्यांच्या तोंडात बिडी.

आमच्याकडे तंबाखूचं पोस्टर म्हटलं तर खर्र्याचंच (सुपारी-तंबाखू-चुना घोटून तोंडात ठेवतात तो). बरोबर आहे म्हणा, २०१६-१७ च्या सर्व्हेत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आन् तोंडात टाकणारे २४.४ टक्के निघाले होते. पण ते ३.८ वाले सगळे आमच्याच ओट्यावर येऊन बसले का काय असं वाटते कधी कधी.

आता घोळ सांगतो. मागच्या महिन्यात एक बाबाजी आले, सत्तरीचे, हयातीच्या दाखल्यासाठी. अर्धी बिडी विझवून कानावर ठेवलेली, दोन बोटं हळद लागल्यासारखी पिवळी. लिहिता लिहिता मी सहज विचारलं, बाबाजी दिवसाच्या किती होतात? तर म्हणे, "हे बी लिहा लागते का फॉर्मात?" मी हसलो, पण मग हुशारी सुचली न मले, हिशोब सांगायला बसलो का बिडीचा कट्टा वीस रुपयांचा धरला आन् रोजचा एक तर महिन्याचे सहाशे, म्हणजे १५०० च्या अनुदानातले ९०० च उरले. पुढच्या मंगळवारी बाबाजी आलेच नाही. त्यांच्या सुनेनं सांगितलं, गावात हवा झाली का केंद्रावाला पोरगा बिडी पिणाऱ्यांचे नावं तहसीलमध्ये देते! दाखल्याची तारीख निघून चालली आन् माणूस बिडीपायी येऊन नाही राहिला.

दुसरं, सगळे म्हणतात का सकाळी बिडी नाही ओढली तर पोट साफ होत नाही, याच्यावर काय बोलावं? एकजण तर म्हणे, "मे महिन्यात आमी तेंदूपत्ता तोडतो, पुडे बांधतो, तवा कोनी वाईट नाही म्हनत." याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, अजूनही नाही.

आन् एक पोरगा आहे, तिशीचा, जिल्हा रुग्णालयातून डोक्याच्या, म्हणजे मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत. तो स्वतःच म्हणते, भाऊ मले सोडायची आहे. त्याला सोमवारपासून बंद कर म्हणू का?

फार्मसीवाली_ताई:
भाऊ, आधी त्या पोराचं, सोमवारची घाई करू नका. गोळ्यांच्या पाकिटावर क्लोझापिन किंवा ओलान्झापिन आहे का बघा. बिडीच्या धुरामुळे लिव्हर ही औषधं लवकर संपवतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागू शकतो. धूर बंद झाला की तोच डोस अंगात साचतो, मग पोरगं दिवसभर झोपेत राहणार आणि घरचे म्हणणार बिडी सोडल्यानं बिघडलं. डॉक्टरांना आधी सांगितलं तर ते डोस बघून कमी करतात. हे निकोटीनमुळे नाही धुरामुळे होतं, म्हणून बिडीऐवजी चघळायचा निकोटीनचा गम घेतला तरी विचारायचंच. आणि गोळ्या स्वतःहून कमी करू नका म्हणावं.

पोटाचं म्हणतात ते खोटं नाहीये, थट्टा नका करू. निकोटीननं आतडी हलतात, सोडल्यावर थोडे दिवस बद्धकोष्ठ होतं. कोमट पाणी, पालेभाजी, सकाळचं फिरणं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जड, दोन ते चार आठवड्यांत उतरतं, हे आधीच सांगून ठेवायचं.

गम २ एमजीचा चिठ्ठीशिवाय मिळतो. सारखा चावायचा नाही, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, खर्रा ठेवतात तसा. चहानंतर पंधरा मिनिटं थांबून.

चुलबंद_काठ:
ताई, बाबाजीच्या तोंडात दातच तीन आहेत हो.

फार्मसीवाली_ताई:
अरे देवा. मग कातडीवर चिकटवायचा निकोटीनचा पॅच, पण तो महाग पडतो. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं, तिथं काय मिळतं विचारा. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल तर सवय जड समजायची, तसं तिथं सांगा.

गडचिरोलीचा_पोट्टा:
भाऊ राग नको मानू, पण पैशाचा हिशोब अनुदान भरून देणाऱ्यानं कराच नाही. तुझ्या हातात त्याचा कागद आहे, तू काही बी म्हन, त्याले धमकीच वाटन. पहिले कागद जमा कर, पावती हातात दे, मग चहा पिता पिता इचार, आन् नाही म्हटलं का विषय बंद. आमच्याइकडे २०१६ पासून मुक्तिपथचं काम आहे, दारू-तंबाखू दोन्हीवर, तालुक्याले क्लिनिक आहे, तिथं पेन्शनचा संबंधच नाही म्हनून लोक मोकळे बोलते. तुमच्या गावात कोन्या बुढ्यानं सोडली असन तर त्यालेच बसव ओट्यावर, तू बोलू नको.

१८००-११-२३५६ हा क्विटलाइनचा, म्हंजे तंबाखू सोडाले मदत करते त्या फोनचा नंबर फुकट आहे, मराठीतून बोलते. बुढ्यापाशी फोन नसन तर केंद्राचा लावून दे आन् तू बाहेर जाय. बिडी सुटून खर्रा लागला तर मंग कायले सोडली, तेवढं पाय.

चुलबंद_काठ:
काल बाबाजीच्या घरी गेलो, तिथंच फॉर्मवर अंगठा घेतला आन् आज पावती नेऊन दिली. बिडीचा ब काढला नाही. निघताना तेच म्हणाले, "त्या पोराची सुटली का रे?" म्हटलं अजून नाही, गुरुवारी डॉक्टरकडे नेतो. तर म्हणे, मंग मले बी सांगजो का म्हनते डॉक्टर.

ताई, पाकिटावर ओलान्झापिनच लिहून आहे, १० एमजी. डॉक्टरला नेमकं काय विचारू, मले दोन ओळी लिहून द्या न, तिथं गर्दीत पाच मिनिटं बी भेटत नाहीत.