मदत हवी आहे: चित्रकला शिक्षक, दोन शाळा, सोमवारी कळवायचंय

रंगपेटी
नमस्कार. एटीडी (कलाशिक्षक पदविका) झालंय, पहिलीच नोकरी. दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक तालुक्याच्या गावची मराठी शाळा, एक पुण्यातली सीबीएसई. नव्या कलाशिक्षकाला कुठली बरी? सोमवारी सकाळी उत्तर द्यायचंय. 'मनाला विचार' सांगू नका, विचारून झालंय.

जुनाखडू
अनुदानित की विनाअनुदानित? पवित्र पोर्टलवरून (सरकारी शिक्षकभरती) की संस्थेने थेट? पगार किती? हे न सांगता आम्ही काय सांगणार, कप्पाळ?

रंगपेटी
मराठी शाळा अनुदानित आहे म्हणाले. पगाराचं नंतर बघू म्हणाले.

जुनाखडू
शाळा अनुदानित असली म्हणजे तुमचं पद अनुदानित असतंच असं नाही, ताई. मंजूर पदावर असाल तर पहिली ३ वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला मानधन २०२३ पासून १८,०००. नाहीतर संस्था हातावर टेकवील ते. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, पट शंभराच्या वर असला की सहावी ते आठवीला कलेसाठी अंशकालीन (अर्धवेळ) निदेशक बसतो, तसलं तर नाही ना? लेखी विचारा.

आईआठवी
मध्येच विचारते, सॉरी. मुलगी एलिमेंटरीला, चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेला, बसतेय. पोस्टर कलर घेऊ की वॉटर कलर?

फलकवाला
पगार सोडून बोलतो. १४ वर्षं झाली मला. शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसू नका. चित्रकलेची खोली कुठाय विचारा. आत नळ आहे का बघा. ३५ मिनिटांचा तास, ६० पोरं, आणि पाणी खालच्या मजल्यावर असेल तर रंग उघडेपर्यंत घंटा होते. मग वर्षभर पेन्सिल आणि खडूच. जोडतास मिळतो का विचारा. ओले कागद वाळत ठेवायला जागा, आणि कपाटाला कुलूप. माझं कपाट आठ वर्षं क्रीडाविभागाकडे होतं.

पुणेरीकुंचला
सीबीएसईच घ्या. खोली असते, सामान असतं.

फलकवाला
सामान असतं, पण ते डिस्प्ले बोर्डाला. दर महिन्याला नवा बोर्ड, स्नेहसंमेलनाचा पडदा आणि पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी. मुलांना शिकवायचं कधी?

पुणेरीकुंचला
आणि मराठी शाळेत दिवाळीनंतर नववीचा तास गणिताला जात नाही? इंटरमिजिएटला (एलिमेंटरीच्या पुढची ग्रेड परीक्षा) अ श्रेणी आली की दहावीला ७ गुण, ब ला ५, क ला ३. तेवढ्यापुरते मुख्याध्यापकांना चित्रकलेचे सर आठवतात.

फलकवाला
त्या ७ गुणांपायीच पालक रंग आणून देतात हो. नाहीतर माझ्या वर्गात निम्म्यांकडे ब्रशसुद्धा नसायचा. गुणांसाठी आलेलं पोर स्थिरचित्र काढता काढता लोटा नीट बघायला शिकतं. मला तेवढं पुरतं.

स्वतःचाक्लास
नोकरी कशाला? दोन खोल्या भाड्याने घ्या, ग्रेड परीक्षेचे क्लास काढा. मी २० मुलांवर सुरू केलं, आता वेळ पुरत नाही.

जुनाखडू
त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय. (आणि भाडं कोण देणार, तेही सांगा.)

गावाकडचा
एक विचाराच: आधीचे चित्रकलेचे सर कुठे गेले? निवृत्त झाले असतील तर ठीक. एका वर्षात तिसरा माणूस असेल तर पळा.

आईआठवी
कुणी सांगेल का, पोस्टर की वॉटर?

फलकवाला
पोस्टर घ्या ताई, संकल्पचित्रात रंग सपाट बसतो. ब्रश मात्र गोलही घ्या आणि चपटाही.

रंगपेटी
आज शनिवार, जाऊन आले तालुक्याला. चित्रकलेची खोली आहे! नळही आहे, आणि पाणी येतं. पण आत मोडके बाक, लेझीम आणि प्रयोगशाळेचा सांगाडा. खोली रिकामी करून मिळेल म्हणाले, 'हळूहळू'. आधीचे सर जूनमध्ये निवृत्त झाले. शिपाईकाका म्हणाले, भिंतीवरचं शिवराज्याभिषेकाचं चित्र सरांनीच मुलांकडून करून घेतलं, तीन वर्षं लागली. मी तिथे बराच वेळ उभी होते. पुण्याच्या शाळेचा फोन अजून कुणी उचलत नाहीये.

फलकवाला
सांगाडा ठेवून घ्या. मानवाकृतीला कामी येईल.

जुनाखडू
पगार?

रंगपेटी
विचारायचा राहिला.