शाळेतल्या मुलांना आपल्या रानातले जीव शिकवायचे आहेत, आधी मी कुठून शिकू?

जांबोटीवाट
नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत पाचवीला शिकवते. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने काठीवर मेलेला साप आणला, घरच्यांनी मारलेला. मी म्हटलं, मण्यार. तो म्हणाला, "न्हाई बाई, कवड्या हाय की त्यो." त्याचंच बरोबर होतं. बिनविषारी जीव हकनाक गेला, आणि मी सगळ्या वर्गासमोर त्याला विषारी ठरवलं. मनाला फार लागलंय. भीमगडचं अभयारण्य दारात असून मला पुस्तकातला जिराफ सांगता येतो, परड्यातला साप नाही. पुस्तक, ॲप, माणूस, काहीही सुचवा.

रानपाखरू
बाई, या दोघांत भले भले फसतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने, आणि शेपटीपर्यंत स्पष्ट असतात. शिवाय तिच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. पण हे फोटोवर शिकायचं. जिवंत साप दिसला की विषारी समजून लांबच राहायचं, मेलेल्यालाही मुलांना हात लावू देऊ नका. आधी नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार पक्के करा. मग धामण, दिवड, कवड्या.

घटप्रभाकाठ
मी निवृत्त शिक्षक. पाखरांपासून सुरुवात करा, ती रोज दिसतात. मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवतं, पण पाखरू डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत लिहू नका. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना असते. शाळेच्या आवारात १५ मिनिटं मोजलं आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरलं तरी चालतं. हिवाळ्यात सहल काढायची तर घटप्रभा नदीवरच्या धुपदाळ बंधाऱ्याला काढा.

मलप्रभेची_लेक
ॲप असू दे, पण नावं आधी गावातून गोळा करा, मराठी आणि कन्नड दोन्ही. आपली धामण म्हणजे त्यांची केरे हावु. मुलं ही नावं घरून आणतात, आपण विचारतच नाही. ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवहीचीही (गावातल्या झाडाझुडपांची, जिवांची नोंद) चौकशी करा, २००२ च्या कायद्यानं ती करायची असते. आणि भीमगडच्या रानातल्या बारापेडेच्या गुहेतलं वटवाघूळ वर्गात जरूर सांगा. त्याचं शास्त्रीय वर्णन १९१३ साली झालं आणि कित्येक दशकं ते जगात फक्त तिथलंच म्हणून माहीत होतं. मुलांना गुहेत मात्र नेऊ नका, वटवाघळं बिथरतात.

जांबोटीवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या मुलाला आज विचारलं, कवड्या कुणी दाखवला? "आज्जानं." आज्जा शनिवारी सकाळी शाळेत यायला तयार झालेत. मीही मुलांबरोबर खाली बसून लिहून घेणार आहे. @रानपाखरू, त्या चार सापांचे स्पष्ट फोटो असतील तर शुक्रवारपर्यंत इथे टाकाल का?