मदत हवी आहे: आल्प्समध्ये बाइक टूर करायची आहे, गाडी भाड्याने घ्यावी की आपली न्यावी?

नमस्कार मंडळी,

येत्या सप्टेंबरमध्ये मी आणि बायको आल्प्समध्ये बाइकवरून फिरायचं ठरवतोय. साधारण तीन आठवडे हाताशी आहेत. मार्ग बराचसा पक्का आहे: म्युनिकहून निघून ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता, तिथून इटलीत डोलोमाइट्समधले सेला आणि पोर्डोई हे घाट, मग स्टेल्वियो. पुढे स्वित्झर्लंडमध्ये फुर्का, ग्रिमसेल आणि सुस्टेन एकाला एक लागून आहेत, ते करायचे आणि परतताना ऑस्ट्रियातल्या लेख नदीच्या खोऱ्यातून पुन्हा म्युनिक. जून टाळलाय, कारण उंचावरचे घाट बर्फामुळे कधीकधी उशिरा उघडतात. ऑगस्टमध्ये सुट्ट्यांची गर्दी असते.

अडलंय ते गाडीपाशी. मनापासून सांगायचं तर मला माझीच गाडी न्यायची आहे. तिचा क्लच कुठे धरतो, मागे बायको आणि दोन्ही बाजूंना सामान असताना वळणात ती किती झुकते, ओल्या रस्त्यावर मागचा ब्रेक किती दाबायचा, हे सगळं हातापायांना माहीत आहे. स्टेल्वियोच्या प्राटोकडच्या बाजूला ४८ हेअरपिन वळणं आहेत आणि माथा २,७५७ मीटरवर. तिथे पहिल्या गिअरमध्ये, जवळजवळ थांबलेल्या वेगात, पिलियनसकट गाडी फिरवायची तर अनोळखी गाडीपेक्षा आपली बरी, असं वाटतं. सीटही दोघांना सोयीची करून घेतली आहे.

पण गाडी पाठवायचा हिशोब करायला बसलो आणि डोकं गरगरलं. विमानाने पाठवताना वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्यावर पैसे लागतात, आणि एक घनमीटर म्हणजे १६७ किलो धरतात. गाडी आहे तशी क्रेटमध्ये उभी केली तर क्रेट २.२ मीटर लांब, ०.९ रुंद आणि १.३ उंच होतो, म्हणजे ४३० किलो! पुढचं चाक, आरसे, विंडस्क्रीन काढून हँडल खाली वळवलं तर १.९ बाय ०.८ बाय १.१ मध्ये बसते, म्हणजे २८० किलोच्या आसपास. त्याआधी टाकी रिकामी करणं, बॅटरीच्या वायरी सोडवणं आणि धोकादायक मालाची कागदपत्रं. समुद्रमार्गे भाडं कमी, पण दोन्हीकडच्या बंदरांचं शुल्क वेगळं आणि जहाज कधी लागेल याचा भरवसा नाही. तीन आठवड्यांच्या सुट्टीतले चार दिवस गोदामाच्या दारात गेले तर फार वाईट वाटेल.

भाड्याच्या बाबतीत दिवसाचा दर समजतो, त्याखालच्या अटी समजत नाहीत. डिपॉझिट म्हणून क्रेडिट कार्डवर मोठी रक्कम अडकवून ठेवतात. विमा असला तरी नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा आपल्या खिशातून. पंक्चर, टायर, पॅनियर (बाजूंच्या सामानाच्या पेट्या) विम्यात नाहीत. रोजच्या किलोमीटरची मर्यादा वेगळीच.

तेव्हा विचारायचं ते असं:

एवढ्या कालावधीसाठी आपली गाडी नेणं कुणाला परवडलं आहे का? पैशांइतकंच वेळ आणि मनस्ताप धरून सांगा. भाड्याने घ्यायची तर करारातली कुठली कलमं डोळ्यांत तेल घालून वाचायची? आणि कार्ने द पासाज (गाडी तात्पुरती परदेशात नेताना जकातीची हमी देणारा कागद) लागेल का? तिथेच जुनी गाडी विकत घेऊन शेवटी विकायची, असाही एक सल्ला मिळाला, तो कितपत व्यवहार्य आहे?

प्रतिसाद

विकत घेऊन विकायचा विचार सोडून द्या. गाडी आपल्या नावावर करायला बहुतेक ठिकाणी त्या देशातला राहण्याचा पत्ता लागतो, आणि शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाईक शोधत बसाल. सहा महिने फिरणाऱ्याने तो खटाटोप करावा.

कार्नेची काळजी नको. युरोपियन युनियनबाहेर नोंदलेली गाडी तिथे न राहणारा माणूस स्वतःच्या वापरासाठी सहा महिन्यांपर्यंत जकात न भरता आत आणू शकतो. कार्ने लागतं ते इराण, पाकिस्तान, इजिप्त अशा देशांतून जमिनीवरून जाताना. मात्र गाडी कुठलीही असो, थर्ड पार्टी विमा त्या देशांत चालणारा हवा. भाड्याच्या गाडीला तो असतोच, आपल्या गाडीसाठी ग्रीन कार्ड (परदेशात चालणाऱ्या विम्याचा दाखला) किंवा सरहद्दीवरचा विमा बघावा लागतो.

तीन आठवड्यांसाठी माझं मत स्वच्छ भाड्याच्या बाजूने आहे. आपली गाडी फुर्कावर बंद पडली तर सुटे भाग कुठून आणणार? भाड्याची बंद पडली तर दुसरी गाडी देणं त्यांच्याकडे येतं, पण हे करारात लिहिलेलं आहे का ते बघा. किलोमीटरच्या मर्यादेला घाबरू नका. या घाटांत दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर झाले तरी अंग बोलायला लागतं.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. काही गोष्टी जोडतो.

तुमच्या मार्गात लेख नदीचं खोरं आहे म्हणून हे आधी सांगतो. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात रॉइट जिल्ह्यातल्या बऱ्याच रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळी महिन्यांत उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलच्या वर असलेल्या मोटारसायकलींना बंदी आहे. मोजणी रस्त्यावर होत नाही, नोंदणीपत्रावर जो आकडा छापलेला असतो तो बघतात. युरोपातल्या नोंदणीपत्रावर तो यू.१ या रकान्यात असतो. गाडी बुक करायच्या आधी त्या मॉडेलचा आकडा विचारून घ्या. कंपनीचाच सायलेन्सर असला तरी काही मोठ्या गाड्या यात अडकतात.

दुसरं, ऑस्ट्रियात मोटारसायकलवरही प्रथमोपचाराचं किट सक्तीचं आहे. जर्मनीत दुचाकीला ते सक्तीचं नाही, त्यामुळे म्युनिकला घेतलेल्या गाडीत असेलच असं नाही. मागून घ्या. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या मोटरवेवर विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, लागतं. स्वित्झर्लंडचं वर्षाचंच मिळतं. घाटरस्त्यांना विन्येट लागत नाही, ग्रोसग्लॉकनरचा टोल मात्र वेगळा. एखादा दिवस जास्त घालून स्वित्झर्लंडमध्ये मोटरवे टाळता आला तर टाळाच, रस्तेही जास्त देखणे आहेत.

आता करार. चारही देशांची नावं परवानगीत लेखी हवीत, तोंडी 'युरोपभर चालते' म्हणाले तरी. कच्च्या रस्त्यावर विमा चालतो का, उभी गाडी पडली तर कुठल्या कलमात बसते आणि टायर झिजला तर पैसे कोण देणार, हे तीन प्रश्न ईमेलवर विचारा म्हणजे उत्तर हाताशी राहतं. नुकसानीतला आपला हिस्सा जास्त पैसे भरून कमी करता येतो. दोघं बसणार आणि हेअरपिन वळणं एवढी, तर तो खर्च करा. गाड्या पडतात त्या जास्त करून कमी वेगात, वळणात पाय टेकताना. मोडतो तो लिव्हर, आरसा नाहीतर पॅनियर, आणि ही किरकोळ दुरुस्ती सगळी तुमच्या हिश्श्यात जाते.

गाडी ताब्यात घेताना उजेडात उभी करून व्हिडिओ काढा. टाकी आणि फेअरिंग सगळेच बघतात. तुम्ही खाली बसून इंजिन गार्डची खालची बाजू, लिव्हरची टोकं, दोन्ही रिम आणि पॅनियरचे कोपरे टिपा. मला एकदा परत करताना इंजिन गार्डच्या खालच्या बाजूची जुनी खरवड दाखवून पैसे मागितले होते. व्हिडिओत ती दिसत होती म्हणून विषय तिथेच मिटला. टायरची नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण तेवढीच उरली असेल तर टायर बदलून मागा, सप्टेंबरमध्ये पाऊस असतो.

प्रतिसाद

आंतरराष्ट्रीय परवान्यावर मोटारसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना, ते घरीच बघा. कारचा असून चालत नाही, आणि मूळ परवाना सोबत लागतोच. प्रवास विम्याचंही तसंच, अनेक पॉलिसींत ठरावीक सीसीच्या वर मोटारसायकल चालवताना झालेली इजा वगळलेली असते. डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून न्यावं लागलं तर ते बिल फार मोठं असतं. पिलियनसाठीही तेच कलम वाचा, वहिनींची पॉलिसी वेगळी असेल तर तीही.

धागालेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. आवाजाच्या नियमाची मला कल्पनाच नव्हती. मनात असलेल्या दोन मॉडेलांचे आकडे आता मागवतो. गाडी भाड्याने घ्यायचं नक्की केलंय. हेल्मेट आणि जॅकेट आपलेच नेणार. सीटसाठी वर टाकायची जेलची गादी नेली तर पिलियनला फरक पडतो का, कुणी वापरली असल्यास सांगा. आणि पहिल्याच दिवशी ग्रोसग्लॉकनर न ठेवता म्युनिकच्या दक्षिणेला सोप्या रस्त्यांवर एक दिवस गाडीची सवय करून घ्यायची म्हणतो. पिलियनसकट त्यासाठी कुठला रस्ता घ्यावा?