विषय: गणपतीच्या पत्रिकेवर ९८८

नमस्कार मंडळी,

पत्रिकेचा मसुदा पाहिला. आरतीच्या वेळा, प्रसाद, पार्किंग, आणि मागच्या पानावर ९८८, अमेरिकेतला आत्महत्या प्रतिबंधाचा फोन नंबर! १० सप्टेंबरला त्याचा जागतिक दिन असतो, हे समितीनं लिहिलंय. विषय महत्त्वाचा आहे, नाही म्हणत नाही. पण मंगलप्रसंगी हा शब्द कशाला? दिवाळीनंतर एखाद्या डॉक्टरांचं व्याख्यान ठेवू. गरज असेल ते येतील.

– एक ज्येष्ठ सभासद

*

काका, नमस्कार.

गरज असलेले व्याख्यानाला येत नाहीत, तीच तर अडचण आहे. कोण कोण बसलंय ते दिसतं ना! पत्रिका मात्र प्रत्येकाच्या फ्रिजवर लागते.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी माझी नोकरी गेली. एच-१बी व्हिसावर होते, म्हणजे दुसरी नोकरी शोधायला फार तर ६० दिवस. त्या वर्षी मी मोदक वळले, फुगडी घातली, फोटोत पहिल्या रांगेत हसतेय. आणि मनात रोज यायचं की आता पुरे झालं. आईला फोनवर सांगायचे, "सगळं छान चाललंय."

विसर्जनानंतर भांडी विसळताना एका मैत्रिणीनं सरळ विचारलं, "जीव द्यायचे विचार येतात का गं?" मी तिथेच रडले. असं विचारल्यानं भलतंच डोक्यात भरतं म्हणतात. मला तर सुटल्यासारखं झालं. तिनंच शेजारी बसून ९८८ लावून दिला.

हा नंबर जुलै २०२२ पासून अमेरिकेत कुठूनही लागतो, चोवीस तास, फुकट. मला व्हिसाबद्दल कुणी विचारलं नाही. पोलीस दारात येतील ही धास्ती होती, पण ९८८वाल्यांच्याच म्हणण्यानुसार २ टक्क्यांहून कमी फोनांत तातडीची मदत पाठवावी लागते.

पुढे थेरपिस्ट शोधणं हा वेगळाच उपद्व्याप. विम्याच्या यादीतल्या नऊ जणांना फोन केले, उलट फोन दोघांचा आला. नवी नोकरी लागल्यावर कळलं की बऱ्याच कंपन्यांच्या एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅममध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या मदत योजनेत, समुपदेशनाची पहिली काही सत्रं फुकट असतात. नोकरी आहे तोवर वापरा, मंडळी! आणि भारतातल्या आईवडिलांसाठी टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे, १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं.

– मोदकवाली

*

अगं, मेल दोनदा वाचली. हरकत मागे घेतो. फक्त अक्षर मोठं छापा, चष्मा न लावता दिसेल एवढं.

एक विचारायचं होतं. आमच्या सौ.ना फोनवरचं इंग्रजी जमत नाही. त्यांनी काय करायचं?

*

काका, मेसेज केला तर इंग्रजी किंवा स्पॅनिशच चालतं, त्यामुळे फोनच लावायचा. पलीकडून माणूस बोलला की "मराठी इंटरप्रिटर प्लीज" एवढंच म्हणायचं. दुभाषी येईपर्यंत थोडं थांबावं लागतं, तेवढ्यात फोन ठेवू नये.

आज संध्याकाळी काकू घरी आहेत का? चहाला येते.